वर्तुळात काय ठेवायचं?

कुंदा गेली तेव्हा मी नागपुरात सदरमधल्या एका दुकानात लाल मणी निवडत उभी होते. तिच्याचसाठी, म्हणजे तिच्या खेळासाठी. दुकानदाराने समोर दोन तबकं ठेवली होती. एकातले मणी शेंदराकडे झुकणारे, दुसऱ्यातले वाळल्या मिरचीच्या रंगाचे. यातले कुठले घेऊ, हे तिलाच विचारावं म्हणून मी पर्समधून फोन काढत होते, तेवढ्यात तो वाजला आणि तिचंच नाव दिसलं. "काय वं, तुलेच लावून राहिली होती मी," असं म्हणून मी मोकळीही झाले. पलीकडून तिचे यजमान प्रभाकरभाऊ बोलत होते. "शैलाताई, कुंदा गेली जी," ते म्हणाले. "मले वाटलं, झोपूनच आहे..." मी मिरचीच्या रंगाचे मणी घेतले. तिने तेच घेतले असते. बाहेर रस्त्यावर लखलखीत ऊन होतं, रिक्षावाले हाका मारत होते आणि मला त्या सगळ्याचा आवाजच येत नव्हता. हातात मण्यांची पुडी आणि डोक्यात एकच वाक्य : आता हे ओवायचे कोणाला विचारून?

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. कुंदावर लिहा, असं पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा पहिली अडचण आली ती नेहमीचीच. कुंदा काय करायची, हे सांगताना माझी कायम तारांबळ उडते. ती संग्रहालयात येणाऱ्या लोकांसाठी खेळ तयार करायची. हे म्हटलं की समोरचा विचारतो, "मोबाईलवरचे का?" नाही म्हटलं की, "मग लहान मुलांचे असतील." कुंदाला कोणी असं विचारलं की ती अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायची, "नाही जी. ज्यायचे पाय दुखून राहिले अशा लोकायसाठी." लोक हसायचे, पण ती खरंच सांगत असायची. संग्रहालयात शिरलेला माणूस पहिल्या दालनात उत्साहाने पाहतो, दुसऱ्यात पाट्या वाचतो, आणि तिसऱ्या दालनापासून तो फक्त बाक शोधत असतो. कुंदाला हवा असायचा तो हा तिसऱ्या दालनातला माणूस.

आम्ही दोघी एकाच शाळेत शिक्षिका होतो. ती इतिहासाची, मी चित्रकलेची. दरवर्षी पोरांची सहल संग्रहालयात जायची आणि दरवर्षी तेच व्हायचं. तोंडावर बोट, हाताची घडी, रांगेने आत, रांगेने बाहेर. बाहेर आल्यावर विचारलं काय पाहिलं, तर सगळे एका सुरात "वाघ!" पेंढा भरलेला एकच वाघ होता, तोही एका डोळ्याने अधू. एका वर्षी कुंदाने मूर्तींच्या दालनात पोरांना थांबवलं आणि सांगितलं, प्रत्येकाने एक मूर्ती निवडायची, कोणाला सांगायची नाही, फक्त तशी उभी राहायची. बाकीच्यांनी ती शोधायची. काय सांगू! जी पोरं एरवी एका जागी ठरत नाहीत, ती कंबरेत वाकून, एक पाय उचलून, मान कलती करून तासभर त्या दगडांकडे टक लावून होती. एक पोट्टा मूर्तीचा तुटलेला हात दाखवायला स्वतःचा हात शर्टात लपवून उभा राहिला. पहारेकरी धावत आला. "मॅडम, हे काय करून राहिले सगळे?" कुंदा म्हणाली, "पाहून राहिले." तिथून जे सुरू झालं ते शेवटपर्यंत थांबलं नाही. पुढे तिने शाळा सोडली आणि मी निवृत्त झाल्यावर तिच्या हाताखाली लागले, ही आमच्या आयुष्यातली उलटापालट. शाळेत मी तिला ज्येष्ठ होते, हे ती सोयीस्कर विसरली.

तिची काम करण्याची रीत मोठी विचित्र होती. खेळ तयार झाला की हौशी माणसाला ती तो कधीच देत नसे. दुपारी केवळ सावलीसाठी आत आलेले, गाडीला वेळ आहे म्हणून टेकलेले, बायकोने ओढून आणलेले, अशांनाच ती गाठायची. आणि ते खेळत असताना त्यांच्या हातांकडे न पाहता पायांकडे पाहायची. पाय खेळाच्या टेबलाकडे राहिले तर खेळ फसला. पाय काचेच्या कपाटाकडे वळले तर जमला. उन्हाळ्यात दालनाच्या टोकाला मोठा कूलर घरघरत असायचा, ओल्या वाळ्याचा वास यायचा, उंच खिडकीतून उन्हाची एक पट्टी फरशीवरून सावकाश सरकायची... आणि आम्ही दोन बायका भिंतीशी बसून लोकांच्या चपला पाहत असायचो. किती दुपारी अशा गेल्या! मला मधेच डुलकी लागायची आणि जाग आली की कुंदा तशीच, हनुवटी तळव्यावर टेकवून, कुण्या अनोळखी माणसाच्या सँडलकडे प्रेमाने बघत बसलेली.

आमची भांडणंही पुष्कळ झाली. लाकडी सोंगट्या लकडगंजातल्या आरागिरणीतून कापून यायच्या आणि रंगवायचं काम माझं. मी जीव ओतून रंगवायची. एकदा तांब्याच्या भांड्याची सोंगटी मी अशी काही रंगवली की खरं भांडं तिच्यापुढे फिकं पडावं. कुंदाने ती हातात घेतली, कौतुक केलं, आणि माझ्यादेखत पॉलिशपेपरने घासायला लागली. मी ओरडले. ती म्हणाली, "एवढं सुंदर नको करू वं. मंग लोक हेच पाहतील. काचेतलं कोण पाहीन?" मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्या सोंगट्या मीच घासून आणल्या. आता आठवलं की हसू येतं. एवढ्या हक्काने माझी चित्रं खरवडणारं आता कोणी उरलं नाही.

तिचा शेवटचा खेळ दगडी वर्तुळांचा. आपल्या नागपूरच्या आसपास शेताशेतांतून मोठ्या धोंड्यांची गोल कडी आहेत. फार जुन्या काळी लोक आपल्या माणसाला तिथे पुरायचे आणि सोबत काय काय द्यायचे : मडकी, मणी, बांगड्या, लोखंडी कुऱ्हाड. कधी तर घोडाही, त्याच्या तांब्याच्या साजासकट. संग्रहालयात या वस्तूंचं नवं दालन होणार होतं आणि त्यातला एक कोपरा कुंदाला मिळाला. टेबलावर मांडायच्या कड्यासाठी आम्ही कन्हानच्या पात्रातून गोटे आणले. हिवाळ्याची सकाळ, पाण्यावर धुकं, पलीकडचा पूल अर्धाच दिसत होता. कुंदा घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून एकेक गोटा उचलून गालाला लावून बघत होती. का, ते मी विचारलं नाही. तिला त्यावेळी आपल्या दुखण्याचं कळलं होतं आणि मला नव्हतं, एवढंच मला आता माहीत आहे.

नवं दालन होईपर्यंत त्या वस्तूंच्या जुन्या कपाटाशेजारी टेबल मांडून पहिला खेळ तिने असा केला : वर्तुळात प्रत्येक वस्तूच्या आकाराची खाच. मडकं मडक्याच्या खाचेत, कुऱ्हाड कुऱ्हाडीच्या. लोक आले, खटाखट बसवलं, "झालं!" म्हणाले आणि पुढे गेले. संग्रहालयाचे साहेब खूश. कुंदा मात्र खाचांतून एकेक वस्तू काढत बसली. शेवटची काढताना म्हणाली, "कोणाच्या तरी घरचं माणूस गेलं होतं शैले. अन् आपण त्याचा डबा भरून राहिलो." दुसऱ्यांदा तिने खाचाच काढून टाकल्या. नुसती काळ्या मातीच्या रंगाची गोल पाटी, भोवती गोटे, बाजूला टोपलीत वस्तू, आणि एक ओळ : 'तुमचं माणूस आहे. सोबत काय द्याल?' आता लोक थांबायचे, पण गोंधळायचे. इकडेतिकडे बघून विचारायचे, "बरोबर कसं आहे?" दोनचार वस्तू कशातरी ठेवायचे आणि ओशाळून निघून जायचे. पाय काही कपाटाकडे वळेनात.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी समजुतीने सांगितलं, "ताई, काय शिकलो ते पाहणाऱ्याला कळायला नको का? उत्तराचं एक कार्ड लावू." कार्ड त्यांनी छापूनही आणलं होतं. कुंदा म्हणाली, "साहेब, त्या लोकायनं जे ठेवलं ते बरोबर का चूक, हे कोण तपासणार?" साहेब हसले, पण कोपऱ्याचा प्रश्न होताच. तिथे पडदा लावून फिल्म दाखवायचा प्रस्ताव आलेला होता. शेवटी ठरलं असं की दालन उघडल्यावर सुरुवातीचे काही दिवस वर्तुळ ठेवायचं. लोक रमले तर राहील, नाही तर उत्तराचं कार्ड, आणि तेही नाही चाललं तर पडदा. कुंदाची तब्येत तोवर फार उतरली होती. औषधांनी केस गेले होते, डोक्याला ती सुती ओढणी गुंडाळायची. इतक्या खेळांत तिने कधी हट्ट धरला नाही, या एका वर्तुळासाठी मात्र तिचा जीव अडकला होता. डॉक्टरच्या तारखा पुढे ढकलून ती चाचणीला यायची.

आणि मग ती दुपार. आमचा एक शिरस्ता होता. एक माणूस खेळून गेला की आमच्यापैकी एकीने उठायचं, सगळ्या वस्तू उचलून टोपलीत टाकायच्या आणि पाटी पुसून पुढच्यासाठी स्वच्छ करायची. आम्ही दोघी मास्तरणी. तास संपला की फळा पुसायचा, हे हाडीमासी खिळलेलं. त्या दुपारी कुंदाला घेरी आली. मी तिला धरून व्हरांड्यात नेलं, लिंबाचं सरबत पाजलं, ओढणीनेच वारा घातला. बरंच बसलो. परत आलो तर वर्तुळाशी एक मध्यमवयीन गृहस्थ वाकून उभे. हातात औषधाच्या दुकानाची पिशवी. आधीच्या कोणीतरी ठेवलेलं तसंच राहिलं होतं : सगळ्यात लहान मडकं, सगळे मणी, आणि दुसरं काही नाही. ते गृहस्थ बायकोला हळूच म्हणत होते, "लहानशी पोरगी होती का वं ही?" मग ते सरळ झाले आणि कपाटाशी जाऊन काचेला जवळजवळ नाक लावून बघू लागले, आत इतकं लहान मडकं कुठे आहे का ते. बायको त्यांच्यामागे. दोघं तिथे कितीतरी वेळ होते.

कुंदाने माझं मनगट घट्ट धरलं. "आपण पुसून राहिलो होतो शैले," ती म्हणाली. "आपण दोघी येड्या, भैताड... रोज फळा पुसून राहिलो." ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या दिवसापासून खेळ असा झाला : वर्तुळावर काळ्या मातीच्या रंगाचं झाकण. पुढच्याने झाकण काढायचं, आधीच्याने काय ठेवलंय ते पाहून ते माणूस कोण असेल हे ओळखायचं, मग ते उचलून स्वतःचं ठेवायचं आणि झाकण लावून निघून जायचं. आम्ही मधे पडायचं नाही.

झाकण कापून यायच्या आत तिने अंथरूण धरलं. मी दुपारी जाऊन बसायची. पडदे ओढलेले, खोलीत पिवळट उजेड, ती कधी जागी, कधी झोपेत, आणि त्या दोन्हींच्या मधे एक जागा असते तिथे पुष्कळ वेळ. चादरीवर सोंगट्या पसरलेल्या असायच्या. त्यांच्या कडा घासायचं काम तिने सोडलं नव्हतं. एकदा डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाली, "मी झाकण उघडून पाहिलं वं. आत आपली शाळा होती. मधली सुटी झालेली..." मी विचारलं, "मी होती का?" म्हणाली, "हाव ना. तू डबा खाऊन राहिली होती. मले नाही दिला." मी तिच्या पायावर हात ठेवून बसून राहिले. नंतर पुन्हा भेट झाली नाही, म्हणजे तिला जाग असताना झाली नाही. मी मणी आणायला गेले ते गेलेच.

तेरवी झाली आणि लगोलग दालन उघडलं. वर्तुळ मांडलं, झाकण बसवलं, मी भिंतीशी बसले. तेव्हा आमच्या दोघींच्याही लक्षात न आलेली गोष्ट लक्षात आली. पहिल्या माणसाने झाकण उघडावं तर आत काहीच नाही! लोक यायचे, झाकण उचलायचे, रिकामं वर्तुळ बघायचे आणि झाकण परत ठेवून चालू लागायचे. मीच काहीतरी ठेवावं म्हणून टोपलीशी गेले, पण हात पुढे होईना. मी ठेवलं की ते मास्तरणीचं उत्तर होणार. असे काही दिवस गेले. साहेब दारातून डोकावून जायचे. हातातल्या फाईलमध्ये ते कार्ड आहे हे मला माहीत होतं. कुंदाचा खेळ हरत होता आणि मी नुसती बघत होते. रागही येत होता, तिचाच. ही वेळ होती का जायची?

एका दुपारी प्रभाकरभाऊ आले. मी चकितच झाले, कारण हा माणूस कधी आत आलेला नव्हता. "मेलेल्यायच्या वस्तू काय पाहाच्या," म्हणायचे. कुंदाला न्यायला यायचे ते फाटकाबाहेर झाडाखाली स्कूटरवर बसून असायचे, तिचं आटपेपर्यंत, मग कितीही वेळ होवो. जगाला खेळवणाऱ्या कुंदाला घरचं हे एक गिऱ्हाईक कधी पटवता आलं नाही. तर ते आले, हातात कापडी पिशवी. कुंदाच्या उशाशी राहिलेल्या सोंगट्या द्यायला आले होते. त्यात घोडाही होता, पाठ अर्धीच घासलेला. "कुठी ठेवू या?" त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या वर्तुळात ठेवा ना भाऊ. तुम्हाला वाटेल तशा."

त्यांनी ती ओळ वाचली. मग खाली मान घालून, आत कोणी निजलेलं असल्यासारखे ठेवू लागले. तांब्याचं भांडं उजव्या हाताशी. मडकं डोक्याशी. बांगड्या. मण्यांची माळ ठेवली, पुन्हा उचलून जरा सैल केली. कुऱ्हाड हातात घेऊन बराच वेळ तोलली आणि टोपलीत परत टाकली. घोडा आत ठेवून पाहिला, बरं वाटलं नसावं, बाहेर काढला. शेवटी गोट्यांच्या बाहेर उभा केला, तोंड आत करून. झाकण लावलं. घोडा बाहेरच राहिला. ते माझ्या बाजूला येऊन बसले. कूलर घरघरत होता.

थोड्या वेळाने काटोलकडचं एक जोडपं आलं. दवाखान्यात कोणाला तरी भेटायची वेळ व्हायची होती, म्हणून सावलीला आलेलं. बाईने झाकण उचललं आणि खाली वाकली. "बाई माणूस आहे," ती नवऱ्याला म्हणाली, "कुऱ्हाड नाही." नवरा म्हणाला, "कुऱ्हाड बायाबी चालवते. अन् हा घोडा कोणी तरी बाहेर विसरला." तो घोडा आत ठेवायला गेला तर तिने त्याचा हात धरला. "राहू द्या. विसरला नाही तो. वाट पाहून राहिला. तिचं आटपलं का घरी घेऊन जाईन म्हणते."

प्रभाकरभाऊंनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि ते तसेच धरून बसले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पाहवलं नसतं. ते जोडपं कपाटाशी गेलं, घोड्याचा तांब्याचा साज शोधून आलं, परत वर्तुळ पाहिलं, त्यावरून आपसांत भांडलं. साहेब केव्हा दारात येऊन उभे राहिले होते कोण जाणे. फाईल त्यांनी काखेत मारली आणि निघून गेले. कार्डाचं नाव त्यांनी त्यानंतर काढलेलं नाही. कोपरा कुंदाचाच राहिला.

मग ती बाई आमच्याकडे वळून म्हणाली, "आता आमी ठेवाचं का? मंग हे उचला लागन." मला हो म्हणवेना. प्रभाकरभाऊ उठले. तिथे गेले, आणि तिने हात घालायच्या आधी स्वतःच एकेक वस्तू उचलून टोपलीत ठेवली. भांडं, मडकं, बांगड्या, माळ. घोडा शेवटी उचलला, न घासलेल्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

तिने तो टोपलीत टाकला नाही. "माह्या बापाले बहुत हौस होती जी घोड्यावर बसाची," ती म्हणाली.

"मंग बसले का कधी?" प्रभाकरभाऊंनी विचारलं.

"नाही जी. कधीच नाही."

"मंग ठेवा," ते म्हणाले, आणि तिला जागा करून द्यायला बाजूला झाले.